‘आले’ की ‘आणले’?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन एकाच विषयाभोवतीची निघाली : कोण कुठून आणि कसं आलं, हे परदेशातल्या मुलांना कसं सांगायचं? म्हणून एकत्र घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्याचं उत्तर मी पस्तीस वर्षं कुणाला तरी देणं लागते.

प्रश्न : बाई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये समाज विज्ञान शिकवते. यंदा आमच्या नववीच्या मुलांची मॉरिशसमधल्या एका शाळेशी ओळख झाली आहे. महिन्यातून एकदा दोन्हीकडची मुलं व्हिडिओवर भेटतात. पुढच्या वेळचा विषय आहे, ‘आमच्या भागात बाहेरून आलेली माणसं’. मुलांनी आपणहून सिद्दी समाज निवडला, मूळचा आफ्रिकेतला. गटातल्या सहा जणांत दोघं सिद्दी आहेत, जंगलातल्या वाड्यावरून, म्हणजे वस्तीवरून येतात. हेडमास्तर म्हणतात, ‘गुलामगिरी वगैरे परदेशी मुलांपुढं कशाला? किल्ला दाखवा, कुंदा दाखवा.’ त्या दोघांतल्या मुलीचे वडील म्हणाले, ‘गुलामाची नात म्हणून माझ्या पोरीला जगापुढं उभं करू नका, बाई.’ आणि ती पोरगी म्हणते, ‘मीच बोलणार.’ चौदा वर्षांच्या मुलांनी हे किती सांगावं, कसं सांगावं, की सांगूच नये?

उत्तर : ताई, सांगावं. पण त्याआधी तुम्ही स्वतः एकदा वाड्यावर जा आणि मुलीच्या वडिलांशी बोला. फोनवर नको, निरोप पाठवून नको. सगळं ऐकूनही त्यांनी नाही म्हटलं, तर मुलीनं कितीही हट्ट धरला तरी तिला पडद्यावर उभं करू नका. ती गोष्ट तिच्या एकटीची नाही, घरातल्या सगळ्यांची आहे. ती नकाशा काढेल, मजकूर लिहील, वाचणारं दुसरं कुणी असेल. वडील हो म्हणाले, तर त्यांनाही त्या दिवशी शाळेत बोलवा, मुलांच्या शेजारी खुर्ची द्या.

इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण मी नेमकं याच्या उलट केलं आहे. १९८९ साली मी याच तालुक्यातल्या एका शाळेत होते. परदेशातून पाच-सहा पाहुणे यायचे होते आणि त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. आठवीत एक सिद्दी मुलगा होता. अभ्यासात बरा, अक्षर मोत्यासारखं. कुणीतरी म्हणालं, ‘यांचा नाच असतो ना, तो बसवा.’ तो बसवणारी मी. त्याच्या कमरेला आंब्याचे टहाळे बांधायला लावणारीही मीच. त्यांच्याकडे सणावाराला दमामी ढोलावर ताल धरतात, नाचतात, ते अंगभर नीट कपडे घालून. पानं-बिनं कुणी बांधत नाही. मला हे माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. तो नाचला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग एका पाहुण्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुझे पूर्वज कुठून आले? ते मी त्याला मराठीत असं सांगितलं : ‘अरे, कुठून आलास म्हणून विचारतायत.’ तो म्हणाला, ‘वाड्यावरनं. चालत.’ सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे चहाला गेले. तो तिथंच उभा राहून कमरेची पानं काढत होता, एकेक डहाळी सुतळीतून ओढत. घामानं सुतळीची गाठ आवळली होती, ती सुटेना. नखांनी कोरून कोरून तो ती सोडवत होता आणि आम्ही चार शिक्षक तिथं असून एकानंही पुढं होऊन हात लावला नाही. त्यानंतर आठवडाभर तो शाळेत आला नाही. आला तो मागच्या बाकावर जाऊन बसला आणि वर्ष संपेपर्यंत तिथंच राहिला. पुष्कळ वर्षांनी लोंढ्याच्या स्टेशनवर त्यानंच मला ओळखलं, बाकावर जागा करून दिली. मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘बाई, त्या दिवशी मला सांगता आलं असतं. आजी सगळं सांगायची. पण तुम्ही मला नाचायलाच सांगितलं होतंत.’

म्हणून ताई, तुमची विद्यार्थिनी ‘मीच बोलणार’ म्हणते तेव्हा मला बरं वाटतं आणि भीतीही वाटते. तिनं बोलावं यासाठी तिच्या हातात काय काय द्यायचं, ते सांगते.

पहिल्यांदा घडलं काय ते. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मुख्यतः मोझांबिककडून, माणसं गुलाम करून गोव्यात आणली. लिन्सकोटेन नावाचा एक डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला होता. जुन्या गोव्याच्या ‘रुआ दिरैता’ या मोठ्या रस्त्यावर सकाळी लिलाव भरायचा आणि घोडे, दागिने, गालिचे यांच्याबरोबर माणसंही विकली जायची, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. घरकाम, पालखी वाहणं, मालकाच्या डोक्यावर छत्री धरून चालणं, लढाईत उभं राहणं ही त्यांची कामं. त्यातली कित्येक माणसं निसटली आणि घाट चढून आपल्या बाजूच्या रानात आली. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, अंकोला इथे सिद्दी आज दिसतात, त्याचं हे मोठं कारण. काही घराणी विजापूरच्या आदिलशाहीतल्या हबशी शिपायांकडूनही आली असावीत. पोर्तुगालनं गुलामांचा व्यापार कायद्यानं बंद केला १८३६ साली आणि गुलामगिरीच बंद केली १८६९ साली. १८६९ म्हणजे पाच-सहा पिढ्यांमागची गोष्ट. तुमच्याकडच्या एखाद्या म्हातारीच्या आजीनं तो काळ पाहिलेलं माणूस पाहिलं असेल.

आता भाषेचं. मुलांचा मजकूर आधी मराठीत लिहून घ्या, इंग्रजी नंतर. मी पैजेवर सांगते, पहिल्या मसुद्यात ‘सिद्दी लोक आफ्रिकेतून भारतात आले’ असं वाक्य असणारच. आपल्या पुस्तकांत ते तसंच असतं. मुलांना फळ्यावर तीन क्रियापदं लिहून द्या : आले, आणले, निसटले. मग एकेका वाक्याला विचारायचं, इथे यातलं कुठलं? मोझांबिकपासून गोव्यापर्यंत ‘आणले’. आणि ‘आणले’ म्हटलं की कुणी आणले, हे लिहावं लागतं, वाक्य कर्ता मागतंच. गोव्यापासून खानापूरच्या रानापर्यंत ‘निसटले’. तिथे कर्ता सिद्दी आहेत. त्यांनी ठरवलं, त्यांनी रात्र निवडली, रस्ता नसलेल्या घाटातून ते चढले. मुलीच्या वडिलांना मी हेच सांगितलं असतं. गुलामाची नात म्हणून कुणी उभं करत नाही आहे, पळून जायची हिंमत केलेल्या माणसाची नात बोलणार आहे. पण हे त्यांना पटवायला जाऊ नका. सांगा आणि त्यांचं ऐका.

आणि पुढचं वाक्य गाळू नका. रानात आल्यावर सगळं चांगलं झालं असं नाही. आपल्याच भागातल्या जमीनदारांकडे, बागायतदारांकडे सिद्दी घरं पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी राबली. वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात १९७६ साली झाला. पोर्तुगीजांपर्यंत येऊन गोष्ट थांबवली, तर आपण दुसऱ्याची पापं मोजली आणि घरची झाकली असं होईल. मॉरिशसची मुलं हुशार असतात, ती विचारतीलच, ‘मग तुमच्या गावानं काय केलं?’

तुमच्या वर्गातल्या मराठी मुलांचंही बघायला हवं. त्यांना सिद्दी म्हणजे पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचा सिद्दी, एवढंच माहीत असतं. चौथीपासून हेच ऐकलेलं. मैदानावर त्या दोघांना ‘ए जौहर’ म्हणून हाक मारली जात असेल, नसेल तर मला आनंदच आहे. त्यांना सांगा, शिवाजी महाराजांच्या बाजूनं लढलेला सिद्दी हिलाल होता. निजामशाहीचा कारभार पाहणारा आणि १६२६ साली वारलेला मलिक अंबर हाही आफ्रिकेतून गुलाम म्हणूनच विकला गेलेला मुलगा. आणि हेही सांगा, की खानापूरच्या रानातल्या घरांचा जंजिऱ्याच्या नवाबाशी तसा संबंध नाही. एका नावाखाली अनेक वाटांनी आलेली माणसं आहेत.

हेडमास्तरांसाठी एक गोष्ट हाताशी ठेवा. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारीला सार्वजनिक सुट्टी असते, १८३५ साली तिथली गुलामगिरी संपली म्हणून. २ नोव्हेंबरलाही सुट्टी असते, १८३४ साली त्या दिवशी हिंदुस्थानातले पहिले करारावरचे मजूर उतरले म्हणून. २००९ साली त्यांनी सत्य आणि न्यायासाठी आयोग नेमला आणि गुलामगिरी, मजुरीचा करार यांचे परिणाम तपासून घेतले. ज्या देशानं हा इतिहास सुट्टीच्या यादीत घातला, त्या देशातल्या मुलांपुढं आपण लाजून कुंदा ठेवायचा? कुंदा जरूर दाखवा, पण शेवटी, गप्पांच्या वेळी.

शिवाय त्या मुलांच्या घरातही हेच आहे, आणि तुमच्या गटाला ते आधी कळलं पाहिजे. त्या बेटावर फ्रेंचांनी जी माणसं आणली, त्यातली बरीचशी मादागास्कर आणि मोझांबिकची. म्हणजे एकाच किनाऱ्यावरून एक गलबत गोव्याकडे वळलं आणि एक मॉरिशसकडे. मुलांना मोठ्या कागदावर हिंदी महासागर काढू द्या आणि मोझांबिकपासून दोन बाण. माझ्या मते अख्ख्या सादरीकरणातलं हे सगळ्यात मोलाचं चित्र ठरेल. गुलामगिरी संपली तेव्हा बेट ब्रिटिशांकडे होतं, आणि ब्रिटिश सरकारनं तिथल्या मालकांना सुमारे २० लाख पौंड भरपाई दिली. सुटलेल्यांना दमडीही नाही, उलट शिकाऊ उमेदवार म्हणून आणखी काही वर्षं तिथंच राबायला लावलं, ते १८३९ साली संपलं. मग उसाच्या मळ्यांवर माणसं हवीत म्हणून आपल्याकडून करारावर मजूर नेले. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही. त्यात कोकणातली, घाटावरची मराठी माणसं होती. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्यांनी चढलेल्या सोळा पायऱ्या आजही आहेत. २००६ साली ती जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली. तेव्हा पडद्यावर समोर बसलेल्या वर्गात एखादी मोझांबिकच्या वंशाची मुलगी असेल आणि तिच्या शेजारी मराठी आडनावाचा मुलगा असेल. तुमच्या वर्गात जी जोडी आहे, तीच तिथं.

एक वस्तू मात्र हातात धरून दाखवा. सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात, आपण वाकळ म्हणतो ती. पण आपल्या वाकळेपेक्षा तिची रीत वेगळी. कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत मध्यापर्यंत जायचं. तुकडे आधी मापानं कापून ठेवत नाहीत, हातात येईल तो रंग पुढं लावत जातात. चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी शिवतात, तिला ‘फुला’ म्हणतात. फुला नसलेली कवंदी म्हणजे उघडी, अपुरी. मी एका म्हातारीच्या ओसरीवर ती शिवताना पाहिली आहे. पाय पसरून बसलेली, कापड मांडीवर, सुई वर येताना अंगठ्यानं दोरा दाबून धरायचा. तिच्या कवंदीत एक निळा तुकडा होता, शाळेच्या गणवेशाचा. ‘हा कुणाचा?’ विचारलं, तर म्हणाली, ‘थोरल्याचा, सातवीपर्यंत गेला.’ घरातली कवंदी कॅमेऱ्यापुढं पसरा आणि मुलीला एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू द्या, हा कुणाचा, तो कुणाचा. इंग्रजीत अडली तर घरच्या कोंकणीत सांगू दे, दुसरं पोर भाषांतर करेल. भाषांतर करणाऱ्यानं मात्र मी केलं तसं करू नये. विचारलेला प्रश्न अख्खा सांगायचा.

दारिद्र्याचे फोटो नकोत. तुटकी झोपडी, नाक वाहणारं पोर, असलं काही नको. त्याऐवजी आजचं सांगा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं २००३ साली. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं. जिल्ह्याची वेस ओलांडली की तीच मावशी जमातीत नाही, असं सतरा वर्षं चाललं. तुमच्या वाड्यावर या दाखल्याच्या फेऱ्या मारलेलं कुणीतरी असेल, त्याच्याकडून ऐका. त्याच २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिले आमदार. मुलीनं हे सांगताना तिचा आवाज बदलेल, बघा.

आणि एक तालीम फक्त प्रश्नांची घ्या. ‘तुम्हाला अजून चिडवतात का?’ हा प्रश्न येणार. त्याचं उत्तर तुम्ही शिकवू नका. तिच्या वर्गातल्या मुलांसमोर ते तिला पहिल्यांदा देऊ द्या, म्हणजे ते तिच्याच वर्गाला आधी ऐकावं लागेल. त्या दिवशी काय होतं ते मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

वेळेचं राहिलं. त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. आपले साडेअकरा म्हणजे त्यांचे दहा. पावसाळ्यात खानापुरात वीज आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही, तेव्हा मुलांचं बोलणं आदल्या दिवशी मोबाइलवर टिपून ठेवा.

प्रश्न : मी निपाणीचा. माझा भाऊ कॅनडात व्हँकुव्हरजवळ असतो. पुतणी तिथं दहावीत आहे. शाळेत ‘कॅनडात आलेले लोक’ या विषयावर वर्गापुढं बोलायचं आहे आणि तिनं कोमागाटा मारू जहाजाचा विषय घेतला आहे. वहिनी घाबरली आहे. म्हणते, आपण पोटापाण्यासाठी तिथं गेलेलो, त्यांच्या चुका त्यांच्याच पोरांपुढं कशाला काढायच्या? आणि ती गोष्ट पंजाब्यांची, आपली कुठं? मला विचारतायत. मी काय सांगू?

उत्तर : दादा, वहिनींना सांगा की ही चूक त्यांच्या मुलीनं काढलेली नाही. १८ मे २०१६ ला कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून तिच्याबद्दल माफी मागितली आहे. पुतणीनं सुरुवात तिथूनच करावी : आपल्या संसदेनं माफी मागितली ती कशाबद्दल? म्हणजे वर्गातल्या कुठल्याही मुलाला आपल्यावर बोट रोखलं आहे असं वाटणार नाही. आणि ‘आपल्या’ म्हणायला तिला पूर्ण हक्क आहे, ती तिथंच शिकते आहे.

घडलं ते असं. १९०८ साली कॅनडानं नियम केला की जन्मदेशातून थेट, मध्ये न थांबता आलेल्यालाच उतरू देणार. हिंदुस्थानातून थेट जाणारं जहाजच मिळत नव्हतं. नियमात हिंदी माणसाचं नाव कुठंही नाही आणि नियम त्याच्यासाठीच. दहावीच्या मुलांना ही युक्ती समजावून सांगितली, तर ती आजच्या नियमांकडेही नीट बघायला लागतील, म्हणून यावर तिनं वेळ घ्यावा. गुरदित सिंग या शीख व्यावसायिकांनी कोमागाटा मारू हे जपानी जहाज भाड्यानं घेतलं. ते हाँगकाँगहून निघालं आणि २३ मे १९१४ ला व्हँकुव्हरला पोचलं. ३७६ उतारू होते : ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. वहिनींच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर त्या आकड्यांत आहे. उतरू न देताना कुणाला गाव विचारलं नव्हतं. आधी तिथं राहून आलेले वीस जण आणि जहाजावरचा डॉक्टर व त्याचं कुटुंब, एवढेच उतरले.

बाकीचे दोन महिने बंदरात, शहर डोळ्यांना दिसत असताना, जहाजावरच. अन्नपाण्याची ओढाताण. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी वर्गणी काढून जहाजाच्या भाड्याचे हप्ते भरले. जुलैत रात्रीच्या वेळी पोलीस बोटीनं जहाजावर चढायला गेले, तेव्हा उतारूंनी वरून कोळसा आणि विटा फेकल्या. मग कॅनडाची युद्धनौका आणून उभी केली आणि २३ जुलैला जहाज परत फिरवलं. कलकत्त्याजवळ बजबजला २९ सप्टेंबरला ब्रिटिशांच्या गोळीबारात वीसच्या आसपास माणसं मेली. घराजवळ येऊन.

तिनं यातला एकच प्रसंग सावकाश सांगावा. मी असते तर किनाऱ्यावरच्या वर्गणीचा घेतला असता. ज्यांना स्वतःला १९०७ पासून त्या प्रांतात मताचा अधिकार नव्हता आणि पुढं १९४७ पर्यंत मिळायचा नव्हता, त्या गिरणीत लाकूड कापणाऱ्या माणसांनी पैसे जमवले. आणि एक जपायचं : पुतणीनं त्या उतारूंचं दुःख स्वतःचं म्हणून सांगू नये. तिचे आईवडील व्हिसा घेऊन विमानानं गेले. हा फरक तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितला, तर तिचं बाकीचं बोलणं वर्ग मन लावून ऐकेल. व्हँकुव्हरच्या बंदराकाठी २०१२ पासून त्यांचं स्मारक आहे. बोलायच्या आधी भावानं तिला एकदा तिथं घेऊन जावं. वहिनींनीही जावं.

प्रश्न : बाई, मी बेळगावजवळच्या शहापूरचा, पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे. आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या मुलांशी ऑनलाइन उपक्रम झाला. मी सांगितलं, माझी मातृभाषा मराठी, पण राज्य कर्नाटक. तर एका मुलीनं विचारलं, ‘म्हणजे तुमचं घराणं कर्नाटकात स्थलांतरित आहे का?’ मला नीट सांगता आलं नाही. काय सांगायला हवं होतं?

उत्तर : बाळ, तुझ्याच गल्लीतलं उदाहरण देते. माझी आई १९३४ साली शहापुरात जन्मली, तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं आणि चालत जाण्याच्या अंतरावरचं बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. १९४८ साली संस्थान विलीन झालं, शहापूर मुंबई राज्यात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आई त्याच घरात, त्याच आडाचं पाणी भरत होती. घर कुठं गेलं नाही, हद्द फिरली. १९६६ साली हद्दीच्या वादासाठी महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढं सांगितलंस तरी पुरे.

जर्मन मुलीला हे समजेल. १९४५ नंतर पूर्वेकडच्या मुलखातून तिच्या देशाच्या एक कोटीहून जास्त लोकांना घरदार सोडून यावं लागलं. तिथं माणसं हलली, इथं रेघ हलली. तिच्या घरात अशा कुणाची आठवण आहे का, हे तू तिला विचारायला हवं होतंस, पण आधी ती सांगायला तयार आहे का हे विचारून.

आणि एक सांगते, रागावू नकोस. सीमाभागावर बोलताना आपली काही पोरं ‘आम्ही गुलामीत आहोत’ असं म्हणतात. परदेशी मुलांपुढं तो शब्द वापरू नकोस. तुझ्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर खानापूरच्या रानात ज्यांच्या घरात तो शब्द खराच घडला, ती माणसं राहतात. आपली तक्रार खरी आहे, मीही ती आयुष्यभर मांडली आहे. शाळेतली मराठी, सातबाऱ्यावरची मराठी, बसवरच्या पाट्या, हे सगळं तिच्या खऱ्या नावानं सांग. शेजारच्या कानडी घराचंही सांग, कारण तुझ्या आजीला उगादीचा बेवू-बेल्ला, म्हणजे कडुनिंब-गूळ, तिथूनच येत असणार. पुढच्या भेटीला जर्मन मुलांना शहापूरचा नकाशा दाखव, आणि जमलं तर आजीला शेजारी बसव.